गड्याचा हात

अप्पा बाजारात दखनी उर्दू बोलायचे, भाऊबंदांत कानडी आणि यंत्राशी मराठी. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "कानडीत मला पटकन राग येत न्हाई, सर. उर्दूत राग आला तरी तोंडातून 'आप'च निघतंय. यंत्राला झापायचं म्हणजे मराठीच पायजे."

आणि झापायचे. सकाळी मी शाळेला निघायच्या तयारीत असायचो तेव्हा मागच्या पडवीतून आवाज यायचा, "कामून थरथरायलास? कोण मारायलंय का तुला? नीट हुबा ऱ्हा!" नव्या माणसाला वाटावं, घरात एखादं द्वाड पोरगं आहे. घरात पोरगं नव्हतं, त्या नवरा-बायकोला मूलबाळच नव्हतं. पडवीत होता तो एक पत्र्याचा माणूस. डोकं तुपाच्या डब्याचं, छाती बिस्किटांच्या चौकोनी डब्याची, हात ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे. पाय नव्हते. कमरेखाली एक जुनं लाकडी स्टूल, आणि त्याला तो स्क्रूनं पक्का बसवलेला. घरात सगळे त्याला 'गडी' म्हणत.

मी ठाणाकुशनूरचा. बीदरच्या एका शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली आणि खोली शोधत शोधत अप्पांच्या दारात जाऊन उभा राहिलो. ऐंशी साल उलटून गेलेलं होतं. अप्पा नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी मला माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. पितळी पेला काठोकाठ भरून हातात दिला आणि अंगणातल्या हौदाकडं बोट दाखवून म्हणाले, "तितवर जाऊन या."

मी गेलो. पेल्यातल्या पाण्यावर नजर खिळवून, पाऊल मोजून टाकत गेलो, आणि तरी मनगटापर्यंत भिजून परत आलो.

"पाण्याकडं बघायलाव तुमी," अप्पा म्हणाले. "बघितलं की हात दुरुस्ती करतोय. दुरुस्ती जास्त झाली की परत उलटी दुरुस्ती. मग सांडणारच की! समोर बघा आन् जावा."

पेला पुन्हा भरला. मी हौदाकडं बघत चालत गेलो. सांडलं, पण थोडं. अप्पांनी खिशातून खोलीची किल्ली काढून दिली. "पहिल्यांदा कुणाचंबी सांडतंय. सांगितल्यावर कमी सांडलं म्हणजे माणूस बरा." नंतर कळलं, माझ्या आधी आलेल्या एका बँकेतल्या गृहस्थांनी हा प्रकार बघून पेला तिथंच ठेवला आणि ते तणतणत निघून गेले होते. अप्पांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं. "त्यांना घाई व्हती," एवढंच म्हणाले.

अप्पांचं मूळ गाव दुबलगुंडी. घरात शेती, भाऊ शेतीतच राहिले. अप्पा मात्र विमानांच्या नादाला लागले. खऱ्या नव्हे, रेडिओवर उडणाऱ्या हातभर विमानांच्या. कॉलेजच्या मुलांना ती बांधायला आणि उडवायला शिकवायची, अशी त्यांची नोकरी होती. मुलं विमानं उडवत आणि पाडत. पडलेल्या विमानाचे पंख मोडत, पोट फुटत. पण शेपूट हलवणारी काळी डबी बहुतेक वेळा शाबूत राही. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, तीन तारा बाहेर आलेल्या, डोक्यावर एक छोटी पांढरी दांडी. तिला सर्व्हो म्हणतात, हे मला अप्पांनीच सांगितलं. मोडक्या विमानांतून काढलेले असले सर्व्हो त्यांनी शिकेकाईच्या डब्यात जपून ठेवले होते, आणि निवृत्त झाल्यावर त्यांचाच गडी उभा केला होता.

पहिल्याच रविवारी त्यांनी मला गड्यासमोर बसवलं. बटण थोडं फिरवलं. गड्याचा हात कोपरातून वाकून छातीपर्यंत आला आणि थांबला.

"ढकला त्याला."

मी बोटानं हात खाली दाबला. आतून 'गूं' असा आवाज आला आणि त्या हातानं माझं बोट उलट वर रेटलं. मी दचकून हात काढला. तो पुन्हा होता तिथं येऊन उभा.

"बघितलाव?" अप्पा खूश झाले. "साधी मोटर म्हंजे खोंडासारखी. सोडली की पळत सुटती. ह्याचं तसं न्हाई. ह्याच्या पोटात मोटर हाय, दात्यांची चाकं हायेत, आन् रेडिओचा आवाज कमीजास्त करायचं बटण असतंय न, तसलं एक बारीक बटण हाय. मी त्याला जागा सांगायची. तो तितं जातोय, आन् पोचलो का न्हाई ते त्या बटणाला विचारतोय. न्हाई पोचला तर आनखी सरकतोय. कुणी ढकललं तर परत येतोय."

"आणि थरथरतो कधी?"

"दोन वेळेला. पोटात वीज कमी पडली तर, आन् लई काटेकोर झाला तर. केसाएवढं चुकलं तरी दुरुस्त करायला जातोय, पलीकडं जातोय, परत अलीकडं येतोय. त्याला सांगावं लागतंय, बाबा, थोडं चुकलेलं चालतंय."

हे अप्पांच्या तोंडून ऐकताना मला हसू यायचं, कारण अप्पांना स्वतःला थोडं चुकलेलं अजिबात चालत नसे. मी पत्र टाकून आलो म्हटलं की ते विचारत, "पेटीत पडल्याचा आवाज ऐकलाव का?" दूधवाल्याला उद्या लवकर ये म्हणून सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी लवकर उठून तो येतो की नाही हे बघायला फाटकात उभे. कुणी एखादं काम अवघड आहे म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "होतंय. न होण्यासारखं काय हाय त्यात?" आणि बहुतेक वेळा ते खरंही करून दाखवत, हा त्यांचा खरा उपद्रव होता.

गड्याला तेव्हा एकच काम येत होतं. कुणी पाहुणा आला की अप्पा बटण फिरवत, गड्याचे दोन्ही हात छातीशी येऊन जुळत आणि मान खाली जाई. "शरणु करायलाय," अप्पा अभिमानानं सांगत. पाहुणाही गोंधळून त्याला हात जोडी. एकदा अक्कांचा धाकटा भाऊ चिंताकीहून आला. धान्याचा व्यापार, मोठा आवाज, पांढरंशुभ्र धोतर. नेमकी त्या दिवशी बॅटरी उतरलेली. गड्याचे हात अर्ध्यावर आले आणि लटलट हलू लागले.

"दाजी, ह्याला हिवताप आलाय का?" भावानं विचारलं.

"उपाशी हाय," अप्पा शांतपणे म्हणाले आणि बॅटरी काढून घेतली.

अक्कांविषयी आता सांगायला हवं. अक्का म्हणजे अप्पांच्या पत्नी. भाऊ अक्का म्हणायचा म्हणून गल्लीही अक्का म्हणायची. माझ्या एका सहकाऱ्याला हे नवरा-बायको की बाप-लेक असा प्रश्न पडला होता, कारण कानडीत अप्पा म्हणजे वडील आणि अक्का म्हणजे थोरली बहीण. अक्का माहेरच्या मराठी वळणाच्या, ठेंगण्या, कपाळावर विभूती लावलेल्या, आणि बोलण्यात अप्पांना पुरून उरणाऱ्या. त्यांचा चहा नावाजलेला होता. एका हातात किटली उंच धरून दुसऱ्या हातातल्या कपात त्या धार सोडत, आणि बोलता बोलता, बघत दुसरीकडंच. एक थेंब बशीत पडत नसे. "अशी धार मला न्हाई जमली," असं अप्पांनी मोकळेपणानं कबूल केलेली जगातली ती बहुधा एकमेव गोष्ट होती.

मी राहायला गेलो त्याच्या पुढच्या वर्षी अक्कांचा उजवा हात थरथरू लागला. आधी कपबशी वाजायची. मग धार हलायला लागली. हैदराबादच्या डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे पूर्ण जाणार नाही हेही सांगितलं. गोळ्यांनी थोडा उतार पडला. पण अक्का पाहुण्यांसमोर यायच्या बंद झाल्या. कुणी आलं की त्या आतल्या खोलीत, हात पदराखाली धरून बसत. चहा अप्पा करत. तो कसा असे, ते सांगण्यात अर्थ नाही.

अप्पांनी हा प्रकार थोडे दिवस बघितला आणि जाहीर केलं, "होतंय. थरथर ही माझ्याच धंद्यातली गोष्ट हाय. तुझ्या हाताची दुरुस्ती जरा जास्त व्हायलीय, एवढंच."

"मी काय तुमचा गडी हाय?" आतून अक्का म्हणाल्या.

अप्पांनी ते मनावर घेतलं नाही. गड्याच्या उजव्या हाताला त्यांनी चमचा बसवला. खांद्याला एक सर्व्हो, कोपराला एक, मनगटाला एक. गडी आता अक्कांना जेवू घालणार होता. दिवसच्या दिवस पडवीत एक रिकामी खुर्ची आणि तिच्यावर तोंडाच्या उंचीला बांधलेला लोटा. गडी लोट्याला भात भरवतोय, आणि अप्पा त्याला झापतायत. हात जोरात आला की लोट्याच्या पुढं निघून जाई. हळू केला की भाताच्या वजनानं मध्येच दमून गुणगुणत राही. एकदा त्याच्या पोटातल्या चाकाचे दात मोडले. प्लास्टिकचेच ते. बीदरमध्ये ते मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अप्पांनी दुसरा एक मेलेला सर्व्हो उघडला, त्याचं चाक ह्याला बसवलं आणि म्हणाले, "कवळी बसवली."

शेवटी एका दुपारी अप्पांनी अक्कांना हाक मारली. मलाही बोलावलं. अक्का आल्या, खुर्चीवर बसल्या. अप्पांनी तीन बटणं एकामागून एक फिरवली. गड्यानं ताटलीतला वरणभात चमच्यात घेतला, हात उचलला, वळवला, आणि चमचा अक्कांच्या ओठांसमोर, बोटभर अंतरावर येऊन थांबला. एक शीत सांडलं नाही. अप्पांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते बघून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"आ कर," अप्पा म्हणाले.

अक्कांनी तोंड उघडलं नाही.

"अगं आ कर की. गार व्हायलंय."

"न्हाई."

"कामून?"

"मला भूक कवा लागली, घास कवा पायजे, मधी पाणी पायजे का, हे कुणाला कळणार? तुमी बटण फिरवायचं आन् मी आ करायचं. माझं सांडू द्या, पण मी माझ्या हातानं खाईन." एवढं बोलून अक्का उठल्या आणि आत गेल्या.

चमचा तिथंच. रिकाम्या खुर्चीसमोर, भातासकट, बारीक गुणगुणत. अप्पांनी कुणालाही झापलं नाही. बॅटरी काढली, चमचा उतरवला, विसळला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. त्यानंतर बरेच दिवस पडवी गप्प होती. अप्पा अंगणात बसून नळाच्या तोट्या उघडत, साफ करत आणि परत बसवत. त्या आधीही गळत नव्हत्या.

चिंताकीला ही गोष्ट कशी पोचली ठाऊक नाही, पण पोचली. भावाचा निरोप आला, की जीप घेऊन येतो, अक्काला घेऊन जातो. घरात सुना आहेत, हाताशी माणसं आहेत. तिथं तिला कुणी डब्याच्या हातून जेवायला लावणार नाही. अप्पांनी निरोप ऐकला आणि "बरं" म्हणाले. 'होतंय' म्हणाले नाहीत. माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा आलं की ह्या माणसाला आतून भीती वाटते आहे.

त्या आठवड्यातच एक गोष्ट घडली. अप्पा गड्याचे सर्व्हो मोकळे करायला बसले होते, सगळं उतरवून ठेवायचं म्हणून. मी पकड धरायला शेजारी. एकेक चालतोय का ते बघायला बॅटरी जोडून ठेवलेली. फाटकात कुणीतरी हाक मारली म्हणून अप्पा उठून गेले. अक्का दारात उभ्या होत्या. त्या आल्या, स्टुलाजवळ बसल्या आणि बटणावर हात ठेवला.

गड्याचा हात उठला आणि थरथरू लागला. अक्कांचा हात थरथरत होता अगदी तसाच, त्याच लयीत. फक्त तो हात लांब, म्हणून थरथरही मोठी. पट्ट्या एकमेकींवर वाजायला लागल्या. मला वाटलं, आता ह्या रडणार. अक्का मात्र मान वाकडी करून त्या हाताकडं बघत होत्या, आपण दुसऱ्याच्या घरातल्या नव्या सुनेकडं बघतो तसं.

"असं दिसतंय व्हय ते," त्या म्हणाल्या. आणि हसल्या. "मला वाटलं व्हतं, लई भयाण दिसत आसंल."

अप्पा परत आले होते. दारातच थांबले. "ते सोड," म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. मला एक सांगा. हा माझं सगळंच ऐकायलाय. थरथरबी ऐकायलाय. ह्याला एवढं कामून ऐकू येतंय? माझ्या मनात काय हाय तेवढंच ह्यानं ऐकावं, बाकीचं सोडून द्यावं. असं न्हाई का करता येत?"

अप्पा खाली बसले. चटईवर नाही, तसेच फरशीवर. "काय म्हणालीस? परत म्हण."

अक्कांनी परत सांगितलं.

"तुझं मन हळू चालतंय," अप्पा स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. "कप डावीकडं, किटली उजवीकडं, ते हळू. थरथर लई फास्ट. फास्ट तेवढं अडवायचं. हळू तेवढं सोडायचं." मग माझ्याकडं वळून, "सर, मी येडा हाय. मी हिच्या हाताच्या जागी गड्याचा हात लावायलो व्हतो. हिला हात नको हाय. हिला गडी पायजे!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते हैदराबादला गेले आणि संध्याकाळी पिशवीभर कपॅसिटर घेऊन परतले. मला त्यांनी ते असं समजावलं: बटणाकडून येणारा हुकूम सरळ सर्व्होला द्यायचा नाही. आधी एका टाकीत ओतायचा. टाकीला बारीक तोटी. वरून पाणी धसमुसळं पडलं तरी तोटीतून एकसारखी धार येते. कपॅसिटर म्हणजे विजेची टाकी. टाकी लहान घेतली तर थरथर थोडी उरते. मोठी घेतली तर थरथर पार जाते, पण हात उशिरा येतो.

गडी आता अक्कांच्या हुकमानं चहा ओतणार होता, आणि आधी नुसत्या पाण्यावर सराव. त्यात हा उशीर फार नडला. किटली उचलायला लावली तर सर्व्होचे दात पुन्हा पडतील, म्हणून अप्पांनी ती पाळण्यासारखी तोलून टांगली होती. गड्यानं फक्त वळवायची आणि तिरपी करायची. एक बटण वळवायला, एक तिरपी करायला. अक्का बटण फिरवत. किटली जागची हलत नसे. अक्का आणखी फिरवत. तोवर पहिला हुकूम पोचे, पाठोपाठ दुसरा पोचे, आणि किटली कप ओलांडून टेबलावर पाणी ओतून मोकळी. मग अक्का घाईनं उलट फिरवत, तर ती पार पलीकडं.

"फिरव! आता थांब! अगं थांब म्हणलं न!" अप्पा ओरडत.

असं चाललं. टाकी लहान केली, मोठी केली, परत थोडी लहान केली. एका सकाळी अक्कांनी बटण हवं तेवढं फिरवलं आणि त्यावरचा हात चक्क मांडीवर घेतला. किटली हललेली नव्हती.

"फिरव की," अप्पा म्हणाले.

"तुमी गप बसा. मी सांगितलंय त्याला. यायलाय ते."

आणि किटली आली. सावकाश, कुठंही न डगमगता वळली आणि कपावर येऊन थांबली. अक्कांनी दुसरं बटण थोडं फिरवलं आणि पुन्हा वाट बघितली. पाण्याची धार कपात पडली. सरळ धार होती ती. अप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांना अख्ख्या आयुष्यात जे जमलं नव्हतं, सांगून झाल्यावर गप्प बसणं, ते अक्कांनी आठवडाभरात शिकून घेतलं होतं.

भाऊ आला तो ठरल्याप्रमाणे जीप घेऊनच. सोबत बायकोला आणलं होतं, अक्कांचं सामान बांधायला. अप्पांनी दोघांना पडवीत बसवलं. मला कशाला बोलावलं होतं माहीत नाही; बहुधा हात जोडायला गडी रिकामा नव्हता म्हणून.

"दाजी, मी सरळ बोलतो," भाऊ म्हणाला. "तुमी मानूस चांगलं हाव. पर तुमचा जीव ह्या डब्यात हाय. माझ्या अक्काला बघणारं कोण हाय हितं? मी तिला न्यायला आलोय."

मला वाटलं अप्पा आता भांडतील. तिन्ही भाषांत भांडता येणारा माणूस तो. पण ते म्हणाले, "मला कामून विचारायलाव? तिलाच विचारा."

अक्का आतून आल्या. पाहुण्यांसमोर त्या किती दिवसांनी बाहेर आल्या होत्या! हात पदराखाली नव्हते. उजवा हात थरथरत होता, आणि त्यांनी तो थरथरू दिला. त्या गड्याच्या शेजारी बसल्या. अप्पांनी उकळता चहा किटलीत ओतला आणि मागं भिंतीला टेकून उभे राहिले.

अक्कांनी बटण फिरवलं आणि हात काढून घेतला. काहीच झालं नाही. भावाची बायको नवऱ्याकडं बघायला लागली. मग किटली हलली. वाफाळत, भावाच्या नाकासमोरून वळत ती टेबलाच्या कडेला ठेवलेल्या त्याच्या कपाकडं निघाली. भावाचं धोतर पांढरंशुभ्र होतं. त्यानं दचकून दोन्ही हात पुढं केले.

"हात मागं घे," अक्का म्हणाल्या.

"अगं अक्का, सांडंल!"

"मागं घे म्हणलं न. तुझ्या अंगावर कवा सांडलाय का मी च्या?"

भावानं हात मागं घेतले. किटली कपावर येऊन थांबली. अक्कांनी दुसरं बटण फिरवलं. पडवीत कुणी हललं नाही. मी अप्पांकडं बघितलं. ते किटलीकडं बघतच नव्हते, अक्कांकडं बघत होते. किटली वाकली, धार पडली, कप भरत आला, आणि अक्कांनी बटण आधीच उलटं फिरवून ठेवलेलं होतं, म्हणून काठाशी येता येता धार आपोआप तुटली. बशीत थोडा सांडला. थोडाच.

भावानं कप उचलला. प्यायला. डोळे पुसले; ते वाफेनं चुरचुरले म्हणून की आणखी कशानं, मला सांगता येणार नाही.

"जरा गार झालाय," तो म्हणाला.

"उशिरा येतोय तो," अक्का म्हणाल्या. "पर मी म्हणीन तितंच येतोय. मी हितंच ऱ्हाते. तू येत जा. सुनंला बी घेऊन ये, तिला शिकवते."

जीप रिकामीच परत गेली. जाताना भावानं दारातून वळून गड्याला हात जोडले. गड्याचे हात किटलीत गुंतलेले होते, त्यामुळं त्याला शरणु करता आलं नाही. ते अप्पांनी केलं.

पुढं माझी बदली गुलबर्ग्याला झाली, लग्न झालं, बीदरला जाणं कमी झालं. दशक संपत आलं तेव्हा एकदा कामानिमित्त गेलो आणि गल्लीत शिरलो. अप्पा वाळले होते. त्यांना साखरेचा आजार जडला होता, आणि त्याबद्दल त्यांचं डॉक्टरांशी अजिबात पटत नव्हतं. अक्कांची थरथर वाढलेली दिसत होती, आता डाव्या हातातही. अप्पांनी टाकी आणखी मोठी करून दिली होती, त्यामुळं गडी पूर्वीपेक्षा सावकाश चालत होता. त्याच्या डाव्या हाताला आता साखरेचा चमचा होता.

चहा झाला. दोन कप भरले, एक माझा, एक अप्पांचा. अक्कांनी बटण फिरवलं. चमचा साखरेच्या डब्यात उतरला, भरून वर आला आणि हळूहळू अप्पांच्या कपावर येऊन उभा राहिला. अप्पांनी कप दोन्ही हातांनी धरून जरासा वर उचलला.

चमचा वाकेना.

"सोड की," अप्पा म्हणाले.

"डागतरनं काय सांगितलंय?"

"अगं, सर आलेत आज. इतक्या वर्षांनी आलेत."

"मग सरांना देते."

"अर्धा तरी."

अक्कांचा हात बटणावर थरथरत होता. वर चमचा मात्र अप्पांच्या कपावर अगदी स्थिर, बारीक गुणगुणत, भरलेला. अप्पा मान वर करून त्याच्याकडं बघत राहिले. मग चमचा किंचित झुकला, साखरेचे मोजके दाणे कपात पडले आणि तो पुन्हा सरळ झाला.

"साकु. पुरे आता," अक्का म्हणाल्या, आणि चमचा सावकाश माझ्या कपाकडं वळला.